नोव्हेंबरची जागा

थायलंडमधल्या सरकारी शाळांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मधे ऑक्टोबरची सुट्टी, आणि 1 नोव्हेंबरच्या आसपास दुसरं सत्र. त्यामुळे परदेशी शिक्षकांच्या जाहिरातींचेही दोन हंगाम असतात. मेच्या आधी ज्या जागा निघतात त्या शाळेने वर्षाचं गणित मांडून काढलेल्या असतात. ऑक्टोबरात निघणाऱ्या बऱ्याचशा जागांमागे मात्र कुणीतरी मधेच निघून गेलेलं असतं. सुट्टीत गावी गेलेला परतत नाही, कुणाला बँकॉकमध्ये जास्त पगार मिळतो, कुणाचं एजन्सीशी बिनसतं. 2019च्या जानेवारीत मी अशीच एक जागा मधेच सोडून आले होते. 2023च्या नोव्हेंबरात परत गेले ते दुसऱ्या कुणी सोडलेल्या जागेवर. जाणारीचा आणि नंतर येणारीचा असे दोन्ही अनुभव एकाच माणसाला क्वचित मिळतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी तासगावची. मराठी माध्यमात शिकले, पाचवीपासून इंग्रजी. पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय महाराष्ट्रात 2000 साली आला, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर आमची एबीसीडी पाठ होऊन जुनी झाली होती. पुढे इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. केलं आणि कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. तासिकेवाल्यांचं मानधन कसं येतं हे सांगायला नको. त्या काळात उच्च माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 9,000 रुपये मिळायचे. ते 20,000 झाले 2023 साली. आम्हाला तर शिक्षणसेवक म्हणवून घेण्याचीही सोय नव्हती. परदेशात शिकवायला जाणाऱ्यांबद्दल ‘जग बघायची हौस’ असं म्हटलं जातं. असेलही काहींना. मी निघाले त्यात हौस थोडी आणि हिशोब जास्त होता.

2018 साली गेले ती शाळा ईसान भागातली, नाखोन रात्चसिमा प्रांतातली. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे कोरातच म्हणतात. बँकॉकपासून साधारण 260 किलोमीटर. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, मैदानावर रांगा, मग दिवसभर तास. सरकारी शाळांत परदेशी शिक्षकाची वाटणी बहुधा अशी असते की प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकच तास मिळावा, 50 मिनिटांचा. म्हणजे शिक्षकाला वीसेक तुकड्या आणि प्रत्येकीत चाळीसच्या वर मुलं. नावं पाठ होईपर्यंत सत्र संपतं. त्यातूनही स्काउटचं शिबिर, क्रीडा सप्ताह, परीक्षा, 5 डिसेंबरचा पितृदिन, 10 डिसेंबरचा संविधान दिन वजा करा. एका मुलाच्या वाट्याला परदेशी शिक्षक सत्रात किती वेळा येतो याचा अंदाज यावा म्हणून हे सांगते आहे. मधेच सोडून जाण्याचं मोजमाप महिन्यांत केलं तर ते किरकोळ वाटतं. तासांत केलं तर वेगळं दिसतं.

माझा करार शाळेशी नव्हता, एजन्सीशी होता. ही तिथली नेहमीची पद्धत. शाळा एजन्सीला ठरावीक रक्कम देते, एजन्सी आपला वाटा ठेवून शिक्षकाला पगार देते, व्हिसा आणि कामाच्या परवान्याची कागदपत्रंही तीच हलवते. चांगल्या एजन्सी आहेत. माझी नव्हती. पगार तुकड्यांत येऊ लागला, करारात नसलेले शनिवार आले, विचारलं की ‘पुढच्या आठवड्यात बघू’. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर मी सोडायचं ठरवलं आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पैसे न देणाऱ्याकडे राबत राहणं ही निष्ठा नव्हे. ज्याबद्दल मनात अजून राग आहे ती गोष्ट दुसरी. एजन्सीच्या माणसाने बजावलं होतं की मुलांना काही सांगायचं नाही, सोमवारी नवीन शिक्षक येईल, त्यांना काही कळणार नाही. कळणार नाही! शुक्रवारी शेवटच्या तासाला मी ‘सी यू नेक्स्ट वीक’ म्हणू नये म्हणून फळा पुसत उभी राहिले.

बाकीचं सगळं कागदोपत्री झालं. तिथे काम सुटलं की कामावर आधारलेली राहण्याची मुदतही त्याच दिवशी संपते. 1,900 बाथ भरून सात दिवसांची वाढीव मुदत मागता येते. न मागता राहिलात तर दिवसाला 500 बाथ दंड, कमाल 20,000. कामाच्या परवान्याचं तेव्हा निळं पुस्तक असायचं. ते परत करायचं आणि परवाना रद्द झाल्याचा कागद घ्यायचा. माझ्याबरोबरच्या एका फिलिपिनो बाईंनी त्या कागदासाठी मला कार्यालयात परत पाठवलं. एजन्सी म्हणत होती, आम्ही करतो, तुम्ही जा. त्या म्हणाल्या, ‘ते करतील तेव्हा करतील, तू हातात घेऊन जा.’ थायलंडच्या शाळांतलं परदेशी शिक्षकांचं काम मोठ्या प्रमाणावर फिलिपिनो शिक्षकांच्या जिवावर चालतं, आणि कागद कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. चार वर्षांनी त्या एका कागदाने माझं जितकं काम केलं तितकं माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेने केलं नाही.

गावी आले तर पाहुण्यारावळ्यांना एकच प्रश्न. मावशी सरळ म्हणाली, ‘जमलं नाही वाटतं गं तिकडं?’ आई मधे पडून सांगायची, ‘सुट्टीवर आलीय.’ मधेच सोडलेल्या नोकरीला आपल्याकडे एकच अर्थ आहे. वीस वर्षं एकाच संस्थेत पिचणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू का नाही सोडलीस. मी सांगलीत क्लास घेतले, टाळेबंदीत मोबाइलवर दहावीचं इंग्रजी शिकवलं, आणि तरीही परत जायचा विचार सुटेना. कारण विचाराल तर सांगायला अवघड नाही. पगाराचा आकडा होताच. दुसरं असं की इथे मी इंग्रजी ‘घेत’ होते, पाठ आणि प्रश्नोत्तरं. तिथे इंग्रजी शिकवत होते. अजिबात न बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून पहिलं वाक्य निघताना बघायची एकदा चटक लागली की दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचात मन रमत नाही.

जवळच्यांनी सल्ला दिला की मुलाखतीत सांग, आई आजारी होती. या क्षेत्रात हे उत्तर इतक्यांनी दिलेलं असतं की ऐकणाराही मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे जात असेल. काहींनी ब्लॅकलिस्टची भीती घातली. माझ्या पाहण्यात तरी मधे सोडल्याचा शिक्का पासपोर्टवर कुठे बसत नाही. अडचण होते ती जुना परवाना रद्द न करता विमानात बसलेल्यांची, कारण मग सरकारी नोंदीत ते अजून जुन्या मालकाकडेच कामाला असतात आणि नव्या शाळेचे कागद जुळत नाहीत. माझा कागद फाइलमध्ये होता, म्हणून खरं सांगणं परवडत होतं. पदवीचं साक्षांकन आधी राज्याच्या शिक्षण खात्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. पासपोर्ट कार्यालयातून पोलिस पडताळणीचं प्रमाणपत्र. शाळेची पत्रं आली की थाई वाणिज्य दूतावासाकडे ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसासाठी अर्ज. तो मिळतो 90 दिवसांचा, पुढची मुदतवाढ तिथे कामाच्या परवान्यावर. शिकवण्याची परवानगी आणखी वेगळी. ती थाई शिक्षक परिषद, खुरुसफा, देते. कायमचा परवाना नसेल तर शाळेच्या अर्जावर दोन वर्षांची तात्पुरती. इथे आपलं बी.एड. कामाला येतं. लाखभर खर्चून तीन आठवड्यांची परदेशी प्रमाणपत्रं घेणाऱ्यांना ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही.

नवी शाळाही ईसानातलीच. मुलाखत व्हिडिओवर झाली. विभागप्रमुख बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मी सगळं क्रमाने सांगितलं: पगार तुकड्यांत, शनिवार, जानेवारी, परवाना रद्द केल्याचा कागद. भाषण आठवडाभर घोकून ठेवलं होतं. बाईंनी ऐकलं, काहीतरी लिहिलं आणि विचारलं, ‘मार्चपर्यंत राहाल ना?’ बस. मी गेल्या वेळी का गेले यात त्यांना फारसा रस नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा एक शिक्षक गेला होता, आणि दोन महिने त्याचे तास थाई शिक्षिकांनी आपले तास सांभाळून ओढले होते. मधे सोडणाऱ्याला वाटतं की आपला भूतकाळ तपासला जाईल. नोकरी देणाऱ्याला पुढच्या फेब्रुवारीची काळजी असते.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. जाहिरातींत अजूनही ‘मातृभाषा इंग्रजी’ अशी अट असते, आणि कित्येकदा त्याच कामाला दोन पगार छापलेले असतात, एक त्यांच्यासाठी आणि एक आमच्यासाठी. आम्हाला वर टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेतले 600 गुणही दाखवावे लागतात. दक्षिण कोरियाने 2010च्या व्यापार करारापासून भारतीय शिक्षकांना दार उघडलं, तेही साहाय्यक शिक्षक म्हणून. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 1985 साली इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं मांडली: आतलं ब्रिटन-अमेरिकेचं, बाहेरचं भारत-नायजेरियासारख्या देशांचं, आणि विस्तारणारं, ज्यात थायलंड येतो. काचरूंचं म्हणणं असं की बाहेरच्या वर्तुळातली इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नव्हे, तिचे स्वतःचे नियम तयार होत आहेत. अभ्यासकांनी हे कधीच मान्य केलं. नोकरीच्या जाहिरातींपर्यंत पोहोचायचं आहे. याचा मधेच सोडण्याशी थेट संबंध आहे. इंग्लंडचा मुलगा सत्राच्या मध्यात निघून गेला तर तो गेला एवढंच होतं. आमच्यापैकी कुणी गेलं तर शिक्षकांच्या खोलीत ‘इंडियन लोक टिकत नाहीत’ असं होतं. हे अन्यायाचं आहे. पण माझ्यानंतर येणाऱ्या सोलापूरच्या किंवा कोईमतूरच्या कुणाला ते भोगावं लागतं, हेही तितकंच खरं.

नोव्हेंबरात वर्गावर गेले. माध्यमिक दुसरी म्हणजे आपली आठवी, तुकडी पाचवी. तिथे बऱ्याच शाळांत गुणांप्रमाणे तुकड्या पाडतात, त्यामुळे पाचवी तुकडी म्हटल्यावर बाकीच्यांनी आधीच सहानुभूती व्यक्त केली होती. वह्या मागवल्या. प्रत्येक वहीत जून-जुलैची पानं भरलेली, समासात हिरव्या शाईची सही आणि हसरा चेहरा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक अर्धवट तक्ता: वर सात वारांची नावं, खाली मंगळवारपर्यंत ‘मी काय करतो’ असं लिहिलेलं, पुढे कोरं. सगळ्या वह्यांत तक्ता मंगळवारीच थांबलेला. ‘बाकीचा पुढच्या तासाला’ म्हणून तो गृहस्थ गेला असणार. तो कोण, कुठला, का गेला, मला कधी कळलं नाही, आणि त्याला दोष देण्याचा मला काही अधिकार नाही. त्याचीही एजन्सी असेल.

पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत चार नावं लिहिली होती, आधीच्या तिघांवर काट. चौथं माझं. तिने ते लपवलं नाही. उलट बोटाने दाखवून विचारलं, ‘टीचर, यू गो होम व्हेन?’ यात तक्रार काहीच नव्हती. शाळेत फिरतं ग्रंथालय येतं, डॉक्टर येतात, तसे परदेशी शिक्षक येतात. मी फळ्यावर तारीख लिहिली, मार्चमधल्या शेवटच्या परीक्षेची. तिने ती नावापुढे उतरवून घेतली. मग आम्ही तो तक्ता बुधवारपासून पुढे भरला. नवीन धडा सुरू करायचा नाही, दुसऱ्याने जिथे थांबवलं तिथून उचलायचं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. एसटीत कुणी रुमाल टाकून ठेवलेल्या जागेवर आपण बसतो तेव्हा जसं अंग चोरून बसतो, तसं पहिले काही तास झालं.

त्या वर्गाची खरी अडचण वेगळीच होती. लाइक, लाइफ, लाइन, लाइट हे चारही शब्द ती मुलं ‘लाय’ म्हणतात. फेसबुकवरचं लाइकही लाय आणि निरोपांचं लाइन अॅपही लाय. थाई भाषेत ‘आय’ नंतर त्याच अक्षरात आणखी व्यंजन येत नाही, म्हणून शेवटचं व्यंजन गळून पडतं. मूल आळशी नसतं, त्याच्या कानाला तो आवाज नकोच असतो. इंग्रजी आईच्या मांडीवर शिकलेल्या शिक्षकाला हे नुसतं चुकीचं ऐकू येतं. मला त्यात तासगाव ऐकू आलं. आम्ही ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ म्हणायचो. आमचा घोटाळा शब्दाच्या सुरुवातीला, यांचा शेवटाला. आमचे सर आधी नुसता ‘स’ लांबवायला लावायचे, श्वास संपेपर्यंत, आणि मग त्याला ‘कूल’ जोडायचे. मी मुलांना तळहात तोंडासमोर धरायला लावला. लाइकच्या शेवटी हाताला हवेचा टोला बसला पाहिजे, लाइफच्या शेवटी सरळ झोत, लाइनला काहीच नाही, नाकात घुमलं पाहिजे. चाळीस मुलं स्वतःच्या तळहाताशी बोलत होती आणि बाहेरून जाणाऱ्या उपमुख्याध्यापकांना वाटलं हा काहीतरी प्रार्थनेचा प्रकार आहे. जानेवारीपर्यंत निम्म्यांचा ‘क’ ऐकू येऊ लागला. उरलेल्यांचा अजूनही येत नाही, पण ते हसत हसत हात धरतात.

मार्च संपला आणि मी पुढच्या वर्षाचा करार केला, या वेळी शाळेशी थेट. जूनमध्ये वाय खरू, म्हणजे तिथली गुरुवंदना, पहिल्यांदा नीट पाहिली. तीही गुरुवारी करतात. मुलं तबकात तीन गोष्टी आवर्जून ठेवतात: टोकदार कळ्यांची इक्झोरा, वांग्याची फुलं आणि दूर्वा. कळ्या बुद्धीच्या धारेसाठी, वांग्याचं फूल खाली झुकलेलं असतं म्हणून नम्रतेसाठी, दूर्वा कुठेही रुजून पसरते म्हणून. गणपतीच्या जुड्या निवडत मोठी झालेली मी, ईसानच्या सभागृहात खुर्चीवर बसून दूर्वा स्वीकारते आहे याची गंमत शेजारच्या शिक्षिकेला सांगायला शब्द मिळेनात. नववीत गेलेली ती पहिल्या बाकावरची मुलगी रांगेत होती. तिच्या यादीत पाचवं नाव अजून आलेलं नव्हतं.

मधेच नोकरी सोडणं वाईट की चांगलं या वादात मला आता पडावंसं वाटत नाही. पैसे थकवणारी एजन्सी सोडलीच पाहिजे, तब्येत साथ देत नसेल तर परत आलंच पाहिजे, आणि घरचं कुणी आजारी असेल तर पाठ्यक्रम पूर्ण करण्याचा हट्ट कुणी धरू नये. करारावरची सही आपण मालकाशी करतो आणि मालकाने ती मोडली तर आपणही मोकळे होतो. ज्या वीस तुकड्या त्या करारात कुठेच नसतात त्यांचं काय, एवढाच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर एजन्सी देणार नाही, शाळाही देणार नाही. वर्गाला सांगून निरोप घ्यायचा तो शेवटचा अर्धा तास आपल्याला स्वतःलाच काढावा लागतो.

आपल्याकडच्या बी.एड. झालेल्या, तासिकेवर अडकलेल्या मुला-मुलींचे मला फोन येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथे सांगून ठेवते. नोव्हेंबरच्या जागांच्या जाहिराती सप्टेंबर अखेरीपासून लागतात. अर्ज करा, पण आधी विचारा की करार शाळेशी आहे की एजन्सीशी, आणि आधीचा शिक्षक कधी गेला. सांगायला टाळाटाळ झाली तर ती जागा सोडून द्या. पूर्वी कुठे मधेच सोडलं असेल तर खरं कारण दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. पुन्हा कधी सोडायची वेळ आलीच तर परवाना रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय विमानतळ गाठू नका, आणि कुणी काहीही बजावलं तरी वर्गाला सांगून निघा.